नॉनलिनियर आयव्ही: प्रोबिटचा अंदाज पॉयसॉनमध्ये घातला, नेमकं कुठे चुकलं?

गणितभीरू

नमस्कार मंडळी. प्रबंधाचं एक प्रकरण तीन आठवडे एकाच जागी अडून बसलंय, म्हणून हा धागा.

माझ्याकडे साधारण चार हजार माणसांची माहिती आहे. वर्षभरात डॉक्टरकडे किती फेऱ्या झाल्या (०, १, २... आणि काही महाभाग ४० च्या वर), आरोग्य विमा आहे की नाही, वय, उत्पन्न, जुनाट आजार वगैरे. विम्यामुळे फेऱ्या किती वाढतात ते काढायचंय. अडचण नेहमीचीच: आपण आजारी पडणार असं ज्याला वाटतं तोच विमा घेतो, म्हणजे विमा एंडोजिनस (आपल्याला न दिसणाऱ्या कारणांशी जोडलेला). इन्स्ट्रुमेंट (आयव्ही: विम्यावर परिणाम करणारी, पण फेऱ्यांवर थेट न करणारी गोष्ट) म्हणून 'माणूस मोठ्या कंपनीत कामाला आहे का' हे घेतलंय, कारण मोठ्या कंपन्या विमा देतात.

मी केलं ते असं. विम्यावर प्रोबिट (हो-नाहीची शक्यता काढणारं मॉडेल) चालवलं, त्यातून प्रत्येकाची विमा असण्याची शक्यता काढली आणि विम्याच्या जागी ती शक्यता ठेवून पॉयसॉन रिग्रेशन (मोजणीच्या आकड्यांसाठीचं, एक्स्पोनेन्शियल सूत्राचं) केलं. साध्या पॉयसॉनमध्ये कोएफिशंट ०.५ च्या आसपास होता, तो १.४ झाला. शेजारी तीन तारे, म्हणजे निकाल ठाम. मी खूश. परवा सेमिनारमध्ये मागच्या रांगेतले एक गृहस्थ "ही फॉरबिडन रिग्रेशन झाली" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. गाईड माझ्याकडे बघतायत, मी स्लाइडकडे.

टू-स्टेजमध्ये हेच करतात ना? पहिल्या स्टेजचा अंदाज दुसऱ्या स्टेजमध्ये. मग निषिद्ध काय आहे त्यात?

दशांशचिन्ह

एवढा घोळ कशाला? फेऱ्यांमध्ये १ मिळवा, लॉग घ्या आणि सरळ लिनियर टूएसएलएस (टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्स) चालवा. आमच्या विभागात सगळे हेच करतात.

अधिकउणे

सगळे करतात म्हणूनच तर असे धागे निघतात. :)

१ फेरीच्या ३ झाल्या म्हणजे तिप्पट. तुमच्या पद्धतीत लॉग(१+१) चं लॉग(३+१) होतं, म्हणजे २ चे ४, म्हणजे दुप्पट. १० च्या ३० झाल्या की ११ चे ३१, जवळजवळ तिप्पट. खरा परिणाम दोन्हीकडे तोच, उत्तर मात्र कोण किती फेऱ्या मारतो त्यावर ठरणार. आणि १ च का मिळवायचा? ०.५ मिळवा, कोएफिशंट वेगळा येईल. ज्यांच्या डेटात शून्यांची गर्दी आहे त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

शेषराशी

गणितभीरू, मागच्या रांगेतल्या गृहस्थांचं बरोबर आहे, पण एवढ्यावर खाली बसायला नको होतं. 'फॉरबिडन रिग्रेशन' हे नाव एमआयटीच्या जेरी हॉसमन यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यामागची गोष्ट अशी.

लिनियर टूएसएलएसमध्ये अंदाज आत ठेवणं चालून जातं, त्याला एक योगायोगासारखं कारण आहे. खरा एक्स (इथे विमा) म्हणजे अंदाज अधिक उरलेला भाग. समीकरणात फक्त अंदाज ठेवला की उरलेला भाग गुणिले बीटा (एक्सचा कोएफिशंट) हे एरर टर्ममध्ये, म्हणजे मॉडेलने न पकडलेल्या भागात, जातं. पहिली स्टेज ओएलएस (साधं लिनियर रिग्रेशन) असेल आणि सगळे कंट्रोल (वय, उत्पन्न वगैरे) तिच्यात असतील, तर तो उरलेला भाग अंदाजाशी आणि कंट्रोलशी काटकोनात असतोच. ओएलएसची रचनाच तशी आहे. त्यामुळे तो निरुपद्रवी. पहिली स्टेज मॉडेल म्हणून चुकीची असली तरी चालतं.

तुम्ही दोन ठिकाणी हा आधार काढून घेतलात. पहिली स्टेज प्रोबिट केलीत, तिथे उरलेला भाग काटकोनात असेल याची हमी नाही. आणि दुसरी स्टेज एक्स्पोनेन्शियल केलीत. एक्स्पोनेन्शियलच्या आत 'अंदाज अधिक उरलेलं' असं गेलं की ते उरलेलं बेरजेने बाहेर पडत नाही, गुणाकाराने सगळीकडे पसरतं. सरासरीचं एक्स्पोनेन्शियल आणि एक्स्पोनेन्शियलची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाटीपेन्सिल

शेषराशींच्या शेवटच्या वाक्यावर मी कागदावर हिशोब मांडला. सॉफ्टवेअरची गरज नाही, कॅल्क्युलेटर पुरे.

समजा विमा नसेल तर सरासरी १ फेरी, असेल तर ३. म्हणजे खरं उत्तर 'तिप्पट'. कंट्रोल नाहीत, इन्स्ट्रुमेंट फक्त छोटी कंपनी / मोठी कंपनी.

पहिला प्रसंग: छोट्या कंपनीत १० टक्क्यांकडे विमा, मोठ्या कंपनीत ३० टक्क्यांकडे. तर छोट्यांची सरासरी ०.९ × १ + ०.१ × ३ = १.२ आणि मोठ्यांची ०.७ × १ + ०.३ × ३ = १.६. आता गणितभीरूंची पद्धत: विम्याच्या जागी ०.१ आणि ०.३ ठेवून पॉयसॉन. कोएफिशंट येईल लॉग(१.६/१.२) भागिले ०.२, म्हणजे सुमारे १.४४. एक्स्पोनेन्शियल घेतलं की ४.२ पट!

दुसरा प्रसंग: २० टक्के आणि ८० टक्के. सरासऱ्या १.४ आणि २.६. लॉग(२.६/१.४) भागिले ०.६ म्हणजे १.०३. उत्तर २.८ पट.

तिसरा: ७० आणि ९० टक्के. सरासऱ्या २.४ आणि २.८. कोएफिशंट ०.७७, उत्तर २.२ पट.

माणसं तीच, विम्याचा परिणाम तोच. फक्त विमा किती पसरलाय ते बदललं आणि उत्तर ४.२ वरून २.२ वर आलं. मला वाटत होतं थोडाफार बायस असेल आणि तो एकाच दिशेचा असेल. तसं अजिबात नाही.

गणितभीरू

बाप रे. माझ्या डेटात विमा कमीच लोकांकडे आहे, म्हणजे मी तुमच्या पहिल्या प्रसंगात. १.४ बघून नाचत होते ते याचंच होतं की काय.

मग चालवायचं काय? 'नॉनलिनियर टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्स' असं नाव सगळीकडे दिसतं. त्यात दोन स्टेज आहेत की नाहीत?

शेषराशी

नाव फसवं आहे. ताकेशी अमेमिया यांनी १९७४ साली हा एस्टिमेटर मांडला तेव्हा नाव जुन्याच्या धर्तीवर पडलं, पण त्यात कोणी कोणाचा अंदाज कोणात ठेवत नाही. करायचं एवढंच: मूळ एक्स जसाच्या तसा समीकरणात ठेवायचा, कोणत्याही बीटासाठी एरर काढायची आणि ती एरर इन्स्ट्रुमेंटशी जमेल तितकी काटकोनात येईपर्यंत बीटा हलवायचा. इन्स्ट्रुमेंट एररला गुणायला आहे, एक्सची जागा घ्यायला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

लार्स हॅन्सन यांची १९८२ ची जीएमएम (जनरलाइज्ड मेथड ऑफ मोमेंट्स) ही त्याचंच मोठं घर. मोमेंट कंडिशन (एरर गुणिले इन्स्ट्रुमेंट, याची सरासरी शून्य) लिहा, वेट मॅट्रिक्स (कोणत्या मोमेंटला किती वजन) द्या, मिनिमाइझ करा. त्याच वर्षी हॅन्सन आणि सिंगलटन यांनी उपभोगाच्या ऑयलर समीकरणावर (आज खर्च की उद्या, या निवडीचं समीकरण) ती चालवून दाखवली. तिथे तर एरर वेगळी काढून लिनियर करण्याची सोयच नव्हती.

पाटीपेन्सिल यांचाच पहिला प्रसंग या पद्धतीने बघा. विमा नसताना सरासरी अ, विमा असताना अ गुणिले क. छोट्या कंपनीचं समीकरण अ × (०.९ + ०.१क) = १.२, मोठ्या कंपनीचं अ × (०.७ + ०.३क) = १.६. सोडवा: अ = १, क = ३. बाकी दोन प्रसंगांतही ३ च येईल.

आणि गणितभीरू, तुमचं प्रोबिट फुकट गेलेलं नाही. त्यातली शक्यता एक्सच्या जागी ठेवू नका, *इन्स्ट्रुमेंट म्हणून* वापरा. तीच संख्या, पण इन्स्ट्रुमेंटच्या भूमिकेत प्रोबिट चुकीचं असलं तरी कन्सिस्टन्सी (नमुना वाढला की खऱ्या उत्तराकडे जाणं) जात नाही, फार तर अचूकता कमी होते.

पाटीपेन्सिल

एक शंका. तुमची ती दोन समीकरणं म्हणजे साधं वाल्ड (फेऱ्यांतला फरक भागिले विम्यातला फरक) झालं की. (१.६ − १.२) भागिले ०.२ = २, आणि ३ − १ = २. मग लिनियर टूएसएलएसनेच भागलं असतं?

शेषराशी

बरोबर पकडलंत. एक्स ० किंवा १ असेल आणि कंट्रोल नसतील तर एक्स्पोनेन्शियल फक्त दोनच किमती घेतं. दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच, त्यामुळे नॉनलिनियर असं काही उरत नाही. कंट्रोल आले की फरक पडतो: लिनियरमध्ये विमा सगळ्यांना सारख्याच जादा फेऱ्या देतो, एक्स्पोनेन्शियलमध्ये जुनाट आजारवाल्याला जास्त, धडधाकटाला कमी. पण बेंचमार्क म्हणून साधं टूएसएलएस आधी चालवाच. दोन्हीकडून निघणारा सरासरी परिणाम एकमेकांच्या आसपासही नसेल तर थांबून कारण शोधायचं.

रात्रपाळी

सॉफ्टवेअरचं मी सांगतो, दिवसभर तेच करतो.

स्टेटामध्ये तयार कमांड आहे, आयव्ही-पॉयसॉन, आवृत्ती १३ पासून. तिचे दोन प्रकार: एक जीएमएम, दुसरा कंट्रोल फंक्शन. जीएमएम प्रकारात पुन्हा ॲडिटिव्ह आणि मल्टिप्लिकेटिव्ह असे पर्याय, आणि *काही न सांगितल्यास ॲडिटिव्ह*. बऱ्याच जणांना आपण कोणता चालवला हेच माहीत नसतं. स्वतःचं समीकरण लिहायचं असेल तर जीएमएम नावाची सर्वसाधारण कमांड आहे.

आरमध्ये जीएमएम नावाचं पॅकेज आहे, पिअर शोसे यांचं. त्याला एक फंक्शन लिहून द्यावं लागतं. तिथली हमखास चूक: लोक मोमेंटची सरासरी परत पाठवतात. पॅकेजला पूर्ण मॅट्रिक्स हवा असतो, प्रत्येक माणसाची एक ओळ आणि प्रत्येक मोमेंटचा एक स्तंभ. सरासरी पॅकेज स्वतः काढतं. ओळीच नसतील तर व्हेरियन्स (विखुरलेपणा) कशाचा काढणार?

ग्रेटल फुकट आहे आणि त्याचा जीएमएम ब्लॉक वाचायला सगळ्यात स्वच्छ: वर एररचं सूत्र, खाली 'ऑर्थॉग' या शब्दापुढे एरर आणि तिची इन्स्ट्रुमेंट, मग 'वेट्स', मग 'पॅराम्स'. शिकणाऱ्याने एकदा तिथे लिहून बघावं, आपण नक्की काय गृहीत धरतोय ते डोळ्यांना दिसतं. पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्सच्या सँडबॉक्समध्ये नॉनलिनियर आयव्ही जीएमएमचा क्लास आहे. चालतो, पण हात धरून नेणारं कोणी नाही.

गणितभीरू

रात्रपाळी, ॲडिटिव्ह की मल्टिप्लिकेटिव्ह, फरक किती पडतो? दोन्ही चालवून चांगलं उत्तर येईल ते घेऊ?

अधिकउणे

'चांगलं उत्तर येईल ते' हे वाक्य प्रबंधात लिहू नका फक्त.

शेषराशी

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

ॲडिटिव्ह म्हणजे: फेऱ्या = एक्स्पोनेन्शियल + एरर. एरर काढायची ती वजाबाकीने. मल्टिप्लिकेटिव्ह म्हणजे: फेऱ्या = एक्स्पोनेन्शियल × एरर. इथे एरर काढायची ती भागाकाराने, फेऱ्या भागिले एक्स्पोनेन्शियल, आणि त्यातून १ वजा. जॉन मुलाही यांनी १९९७ साली सिगारेट ओढण्याच्या आकड्यांवर हाच मल्टिप्लिकेटिव्ह मार्ग मांडला.

आता डेटा विसरा आणि माणूस डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला न दिसणारी गोष्ट कोणती? समजा 'प्रकृतीची कुरकुर'. कुरकुऱ्या माणूस विमा नसताना ८ वेळा जातो, त्याच वयाचा निश्चिंत माणूस २ वेळा. दोघांना विमा मिळाला आणि विमा तिप्पट करतो. कुरकुऱ्याचे २४ होतील आणि निश्चिंताचे ६? की दोघांमधलं ६ फेऱ्यांचं अंतर तसंच राहील? पहिलं पटत असेल तर तुमची एरर मल्टिप्लिकेटिव्ह आहे. न दिसणारी गोष्ट बाकीच्या चलांच्या पंगतीत, एक्स्पोनेन्शियलच्या आत बसली आहे. दुसरं पटत असेल तर ॲडिटिव्ह. फेऱ्यांसारख्या आकड्यांत मला बहुतेक वेळा पहिलं पटतं, कारण वय आणि आजार आत बसवायचे आणि कुरकुर तेवढी बाहेर ठेवायची याला काही कारण सापडत नाही.

मख्खी अशी की एक्स एंडोजिनस असताना एकच इन्स्ट्रुमेंट सहसा दोन्ही मोमेंट पाळू शकत नाही. म्हणजे दोन्हींतलं फार तर एक खरं. एक्स एक्झोजिनस (एंडोजिनसच्या उलट) असता तर दोन्हींनी तोच बीटा दिला असता आणि हा वाद आलाच नसता.

एक भर. लिनियरमध्ये आपण 'इन्स्ट्रुमेंट आणि एरर यांचा संबंध नाही' एवढ्यावर निभावतो. इथे प्रोबिटची शक्यता, इन्स्ट्रुमेंटचे वर्ग, गुणाकार असं काहीबाही इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरायचं तर जास्त हवं: इन्स्ट्रुमेंट दिलेलं असताना एररची सरासरी स्थिर. म्हणजे छोट्या-मोठ्या कंपनीत कुरकुरे लोक सारख्याच प्रमाणात असायला हवेत. जुनाट आजार असलेला माणूस विम्यासाठीच मोठी कंपनी धरत असेल तर तुमचं इन्स्ट्रुमेंट गेलं, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

गणितभीरू

या शेवटच्या परिच्छेदाची धास्ती होतीच. कामाला लागताना आजार होता का हा प्रश्न सर्वेक्षणात आहे. ज्यांना तेव्हा आजार नव्हता त्यांच्यापुरतंही करून बघते.

आज मल्टिप्लिकेटिव्ह लिहून चालवलं. ऑप्टिमायझरच्या (किमान शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) पहिल्याच फेरीत 'नॉट अ नंबर'. साध्या पॉयसॉनचे कोएफिशंट सुरुवातीला दिले, तरी दुसऱ्या फेरीत तेच. मोमेंट चारदा तपासला.

रात्रपाळी

उत्पन्न कुठल्या एककात आहे?

गणितभीरू

आहे तसंच. वार्षिक, पूर्ण आकडा.

रात्रपाळी

तिथेच मेलं. डबल प्रिसिजनमध्ये (मशीनच्या नेहमीच्या दशांश आकड्यांत) एक्स्पोनेन्शियलच्या आतला आकडा साधारण ७०९ पर्यंत चालतो, त्यापुढे इन्फिनिटी. उत्पन्न ४०,००० असेल आणि ऑप्टिमायझरने त्या कोएफिशंटवर ०.०२ चं पाऊल टाकलं तर आत ८०० झाले. एका माणसाचं इन्फिनिटी झालं की सगळी सरासरी गेली. मल्टिप्लिकेटिव्हमध्ये तर उलट्या बाजूनेही मरण आहे, भागाकारात.

उत्पन्न हजारांत घ्या किंवा लॉग घ्या. वय दहा वर्षांच्या एककात घ्या, त्यातून ४ वजा करा. कोएफिशंट साधारण सारख्या उंचीचे झाले की ऑप्टिमायझर शहाण्यासारखा वागतो. स्टार्टिंग व्हॅल्यू साध्या पॉयसॉनच्या दिल्या ते बरोबरच केलंत, शून्यावरून निघण्यापेक्षा ते कधीही बरं. मग पाच-सहा वेगळ्या ठिकाणांहून सुरू करून तेच उत्तर येतं का बघा. 'कन्व्हर्ज्ड' असं लिहून आलं म्हणजे मशीनला पुढे उतार सापडला नाही, एवढंच.

गणितभीरू

रात्रपाळी, दंडवत! उत्पन्न हजारांत केलं आणि नऊ फेऱ्यांत आलं. सहा ठिकाणांहून तेच. कोएफिशंट ०.६९. म्हणजे विम्याने फेऱ्या ६९ टक्क्यांनी वाढतात.

आणि एक गंमत, जे-टेस्ट (इन्स्ट्रुमेंटची चाचणी) अफाट चांगली आली! ०.०००... असं काहीतरी, बारा शून्यांनंतर आकडा. म्हणजे इन्स्ट्रुमेंट एकदम वैध ना?

अधिकउणे

दोन्ही वाक्यं पाडावी लागणार, माफ करा.

०.६९ चं एक्स्पोनेन्शियल जवळजवळ २. म्हणजे ९९ टक्के वाढ, फेऱ्या दुप्पट. कोएफिशंट ०.०५ असतो तेव्हा '५ टक्के' म्हणून खपतं, इथे नाही.

जे-टेस्ट: तुमच्याकडे जितके पॅरामीटर तितकेच मोमेंट. दोन समीकरणं, दोन अज्ञात, तशी गत. सगळे मोमेंट शून्य करता येतातच, म्हणून जे शून्य. तो बारा शून्यांनंतरचा आकडा मशीनची राउंडिंग एरर आहे. सार्गन यांची १९५८ ची कल्पना काय आणि हॅन्सन यांची जे काय, दोन्हींना गरजेपेक्षा जास्त इन्स्ट्रुमेंट लागतात. आणि जास्त असली तरी ती 'इन्स्ट्रुमेंट एकमेकांशी भांडत नाहीत' एवढंच सांगते. सगळी मिळून एकाच दिशेला खोटं बोलत असतील तर टेस्ट गप्प.

गणितभीरू

:( बरं. मग इन्स्ट्रुमेंट वाढवते. मोठी कंपनी, प्रोबिटची शक्यता, मोठी कंपनी गुणिले वय, गुणिले उत्पन्न...

उंबरठा

जरा थांबा. इतका वेळ नुसता वाचत होतो, पण इथे बोलायला हवं.

प्रोबिटच्या शक्यतेत एक चोरवाट आहे. ती शक्यता कंट्रोलचंही वळणदार फंक्शन आहे. तुमचं मोठी-कंपनी इन्स्ट्रुमेंट पूर्ण निकामी असलं तरी ती शक्यता विम्याशी जोडलेली दिसेल, निव्वळ प्रोबिटच्या वळणामुळे. बीटाची ओळख इन्स्ट्रुमेंटवरून होतेय की वळणावरून, हे वेगळं बघा. सोपा उपाय: विम्यावर साधं लिनियर रिग्रेशन करा, फक्त मोठी कंपनी आणि कंट्रोल घेऊन, आणि मोठ्या कंपनीचा एफ (इन्स्ट्रुमेंटची ताकद मोजणारा आकडा) बघा.

एफ १० च्या वर हवा हा स्टेगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या कामातून आलेला नियम लिनियर मॉडेलसाठी आहे. नॉनलिनियरमध्ये त्याला तितका अर्थ नाही, कारण इथे इन्स्ट्रुमेंटची ताकद बीटाच्या किमतीवरही अवलंबून असते. एकाच मॉडेलमध्ये एका बाजूला ऑब्जेक्टिव्ह फंक्शन (जे कमीत कमी करायचं ते) खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला सपाट माळ, असं होऊ शकतं.

म्हणून चित्र काढा. विम्याचा कोएफिशंट −१ पासून ३ पर्यंत ०.०५ च्या पावलांनी धरून ठेवा, प्रत्येक पावलावर बाकीचे पॅरामीटर मोकळे सोडून ऑब्जेक्टिव्ह मिनिमाइझ करा आणि ते नमुन्याच्या आकाराने गुणून आलेख काढा. वेट मॅट्रिक्सही प्रत्येक पावलावर त्याच जागी नव्याने काढायचा. तुमच्या नेमक्या तितक्याच मोमेंटच्या प्रसंगात जिथे तो आकडा ३.८४ च्या (काय-स्क्वेअरच्या ९५ टक्के सीमेच्या) खाली राहतो त्या सगळ्या किमती ९५ टक्क्यांच्या संचात. स्टॉक आणि राइट यांचा २००० सालचा विचार हाच. बाकीचे पॅरामीटर नीट ओळखले जात असतील तर इन्स्ट्रुमेंट कमकुवत असतानाही तो संच विश्वासाचा राहतो. नेहमीचा 'कोएफिशंट अधिक-उणे १.९६ स्टँडर्ड एरर' राहत नाही.

दशांशचिन्ह

माझं लॉग(१+फेऱ्या) मागे घेतलं, हुश्श. पण कंट्रोल फंक्शनबद्दल कोणीच बोललं नाही? आमच्याकडे तेही 'सगळे करतात'.

शेषराशी

हा हा. त्याला जागा आहे. पहिल्या स्टेजचा अंदाज आत ठेवण्याऐवजी मूळ एक्स ठेवायचा आणि पहिल्या स्टेजचा *उरलेला भाग* जादा चल म्हणून सोबत घालायचा. टर्झा, बासू आणि राथाउझ यांच्या २००८ च्या लेखानंतर आरोग्य अर्थशास्त्रात हे फार चाललं. निषिद्ध रिग्रेशनपेक्षा नक्कीच बरं. पण पहिली स्टेज बरोबर असणं इथे खरोखर लागतं, आणि एक्स सतत चल असेल तेव्हाच ते सहज बसतं. विमा ० किंवा १ आहे, तिथे 'उरलेला भाग' म्हणजे एररचा नीट आरसा नाही. स्टेटाचा आयव्ही-पॉयसॉनमधला कंट्रोल फंक्शन प्रकारही सतत एक्ससाठीच आहे. ० किंवा १ साठी ईटी-पॉयसॉन नावाची वेगळी कमांड आहे. ती दोन्ही एररचं नॉर्मल वितरण गृहीत धरते. जीएमएमला वितरण लागत नाही, पॉयसॉनही नाही. फक्त सरासरीचं सूत्र बरोबर हवं. म्हणून मी गणितभीरूंना जीएमएमवरच थांबायला सांगेन.

पाटीपेन्सिल

अवांतर: परवा याच चुकीच्या जुळ्या भावंडाशी गाठ पडली. एक्स आणि एक्सचा वर्ग दोन्ही समीकरणात, आणि लोक अंदाजाचा वर्ग करून ठेवतात. एक्स १ आणि ५ असेल तर सरासरी ३, तिचा वर्ग ९. पण वर्गांची सरासरी १३. ते मधले ४ म्हणजे व्हेरियन्स. तो सगळीकडे सारखाच असेल तर कॉन्स्टंटमध्ये जिरून जातो, म्हणून कधीकधी उत्तर बरोबरही येतं आणि सवय लागते. इन्स्ट्रुमेंटनुसार व्हेरियन्स बदलला की गेलं. केलेजियन यांनी १९७१ मध्येच सांगितलेला मार्ग सोपा आहे: एक्सच्या वर्गाला स्वतंत्र एंडोजिनस चल माना आणि इन्स्ट्रुमेंटचे वर्ग, गुणाकार त्याच्यासाठी इन्स्ट्रुमेंट म्हणून घ्या.

गणितभीरू

चित्र काढलं, उंबरठा. डावीकडे भिंत आहे, ०.१ च्या आसपास ३.८४ ओलांडतं. उजवीकडे मात्र तुम्ही म्हणता तसा माळ. २ पर्यंत जेमतेम २.५ वर चढतं आणि ३ पर्यंत ३.८४ ला पोचतच नाही. एफ ११ आला होता म्हणून मी निर्धास्त होते.

म्हणजे विम्याने फेऱ्या वाढतात एवढं खात्रीने, किती ते नाही? गाईडना एक आकडा हवाय.

उंबरठा

दुप्पट हा अंदाज लिहा, लगेच खाली संच लिहा: ०.१ पासून वर, उजवीकडे बंद नाही. आलेखही छापा. आणि तोच आलेख ॲडिटिव्हसाठी काढून परिशिष्टात ठेवा, मागच्या रांगेतले गृहस्थ विचारणारच. ज्यांना आधी आजार नव्हता त्यांच्यावर चालवाल तेव्हा नमुना लहान होईल, माळ अजून पसरेल. त्याने घाबरू नका.

रात्रपाळी

आणि बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने उचलणं) लावणार असाल तर प्रोबिटसकट सगळं प्रत्येक फेरीत नव्याने. नुसत्या दुसऱ्या भागाचा नको. एकाच कंपनीतली माणसं बरीच असतील तर माणसं नाही, कंपन्या उचलायच्या. ज्या फेऱ्या कन्व्हर्ज होणार नाहीत त्या गुपचूप गाळू नका, किती झाल्या ते मोजून लिहा. अशा सपाट माळावर बऱ्याच निघतील.

गणितभीरू

कंपनीचा क्रमांक डेटात आहे. रात्री लावून ठेवते. बूटस्ट्रॅपच्या न जमलेल्या फेऱ्यांचा आकडा उद्या इथेच टाकते.